नोकरी, मुले आणि एमबीए: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी चालू आहे, घरात लहान मुले आहेत आणि तरीही व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यायची आहे, अशा पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः दोन मुलांचा बाप असताना अर्धवेळ एमबीए तीन वर्षांत पूर्ण केले आणि त्यानंतर अशाच परिस्थितीतल्या बऱ्याच जणांशी या विषयावर बोलत आलो आहे. त्यामुळे काही उत्तरांत माहितीपेक्षा माझे मत अधिक आहे. ते कोठे आहे हे वाचताना सहज ओळखू येईल.

मूल अगदी लहान आहे. आताच प्रवेश घ्यावा, की ते थोडे मोठे होईपर्यंत थांबावे?

मूल मोठे झाले की आपोआप वेळ मिळेल ही समजूत अर्धीच खरी आहे. तान्हे मूल रात्री खाते, शाळकरी मूल संध्याकाळ खाते, आणि वयात आलेल्या मुलाला तुमच्याशी बोलावेसे नेमके तेव्हाच वाटते जेव्हा तुम्ही दार लावून बसलेले असता. तान्ह्या मुलाला आई किंवा बाबा अभ्यास करत आहेत हे कळत नाही. सात वर्षांच्या मुलाला ते कळते आणि आवडत नाही. म्हणून वयाचा आकडा हा निकष फारसा उपयोगाचा नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी तपासाव्यात, असे मी सुचवतो: मुलांना सांभाळण्याची जी व्यवस्था आहे ती किमान सहा महिने बिनबोभाट चालली आहे का, तुमची सध्याची नोकरी किंवा पद नवे तर नाही ना, आणि घरात कुणाचे मोठे आजारपण चालू नाही ना. यातल्या दोन गोष्टी डळमळीत असतील तर एक वर्ष थांबल्याने काहीही बिघडत नाही. पाळणाघर बदलणे, नोकरी बदलणे आणि पहिले सेमिस्टर सुरू होणे ही तिन्ही कामे एकाच महिन्यात आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी कुणालाही त्या सेमिस्टरमध्ये काय शिकवले हे आज आठवत नाही.

आठवड्याला प्रत्यक्षात किती तास लागतात?

याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण श्रेयांकांची (क्रेडिट) व्याख्याच तासांवर आधारलेली असते. ब्रिटिश पद्धतीत पदव्युत्तर पदवी 180 श्रेयांकांची असते आणि एक श्रेयांक म्हणजे सुमारे 10 तासांचे अध्ययन धरले जाते, म्हणजे एकूण 1800 तास. युरोपीय पद्धतीत एका पूर्ण शैक्षणिक वर्षाला 60 श्रेयांक असतात आणि प्रत्येकी 25 ते 30 तास धरले, तर हा हिशेब 1500 ते 1800 तासांवर येतो. अमेरिकी पद्धतीत एका श्रेयांकासाठी साधारण पंधरा आठवडे दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास अपेक्षित असतात. तीन श्रेयांकांचा एक विषय घेतला की आठवड्याचे नऊ तास गेले आणि दोन विषय घेतले की अठरा.

आता 1800 तास तुमच्या आयुष्यात बसवून पाहा. दोन वर्षांच्या 104 आठवड्यांतून सुट्ट्या, आजारपणे, पाहुणे आणि मुलांच्या शाळेचे कार्यक्रम वजा जाता सुमारे 90 कामाचे आठवडे उरतात, म्हणजे आठवड्याला 20 तास. हाच अभ्यासक्रम तीन वर्षांत केला तर हा आकडा साडेतेरा तासांच्या आसपास येतो. माहितीपत्रकात याहून बराच लहान आकडा दिसला, तर त्यात वाचन आणि गटाच्या बैठका धरल्या आहेत की फक्त लेक्चर, हे फोन करून विचारावे. शिवाय सरासरी फसवी असते. सबमिशनच्या आठवड्यात हे तास दुप्पट होतात आणि त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये तिमाही अखेर असते, हा योगायोग मला तरी प्रत्येक वर्षी आला.

एवढा वेळ आणायचा कुठून?

आपण "वेळ काढू" असे सहज म्हणतो, जणू तो कपाटात मागच्या बाजूला ठेवलेला आहे. नोकरी करणाऱ्या पालकाच्या दिवसात मोकळा वेळ जवळजवळ नसतो. जो तास अभ्यासाला लागतो तो आधी कुणाच्या तरी नावावर असतो, आणि तो त्या व्यक्तीकडून घ्यावा लागतो. ही व्यक्ती म्हणजे तुमची झोप, तुमचा मालक, तुमचा जोडीदार किंवा तुमची मुले. झोपेकडून घेतलेले कर्ज पंधरा दिवस चालते, मग ते चुका, चिडचिड आणि सर्दी-खोकल्याच्या रूपाने वसूल होते. मालकाकडून घ्यायचे तर त्याची संमती लागते. उरतात घरचे लोक, आणि त्यांच्याकडून आपण बहुतेक वेळा न विचारताच घेतो.

मीही तसेच केले. पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी फ्रिजवर लावलेल्या वेळापत्रकाच्या कोपऱ्यात पत्नीने पेन्सिलीने दोन रकाने आखलेले मला दिसले. एकात माझे नाव आणि खाली आठवड्यागणिक आकडे: 17, 19, 22, 19. दुसऱ्यात तिचे नाव आणि खाली चार शून्ये. हे घरात प्रत्येकाला स्वतःसाठी मिळालेले तास होते. तिने त्यावर एक शब्दही बोलून दाखवला नव्हता. कागद तेथे किती दिवस लागलेला होता हेही मला सांगता आले नाही, कारण मी फ्रिजकडे त्या काळात फक्त रात्री अकरानंतर जात असे.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आणि लिहून ठेवल्या. रविवारची सकाळ तिची. त्या वेळात मुलांची पूर्ण जबाबदारी माझी, आणि परीक्षा असली तरी त्यात बदल नाही. दुसरे म्हणजे पुढच्या सेमिस्टरला मी दोनऐवजी एकच विषय घेतला. पदवी चार महिने लांबली. माझ्या मते अर्ज भरण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाबरोबर बसून हा हिशेब मांडला पाहिजे: कोणत्या वारी, किती ते किती, त्या वेळी मुले कोणाकडे, आणि त्या बदल्यात त्या माणसाला कोणता वेळ परत मिळणार. "तू कर, आम्ही आहोत ना" हे वाक्य प्रेमाचे असते, पण त्यात वार आणि वेळ नसतात.

तुकड्या-तुकड्यांनी केलेला अभ्यास लक्षात राहतो का?

पाठ करण्याच्या आणि सरावाच्या गोष्टींसाठी तो उलट अधिक चांगला ठरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून विस्मरणाचा आलेख मांडला, तेव्हापासून हे वारंवार दिसून आले आहे की एकाच बैठकीत सलग घोकण्यापेक्षा तीच उजळणी अंतराअंतराने केली तर स्मरण टिकते. मुलाच्या पोहण्याच्या वर्गाबाहेर मिळालेली पंचवीस मिनिटे हिशेबाच्या नोंदी, सूत्रे, सांख्यिकीचे छोटे प्रश्न यांसाठी उत्तम असतात.

लेखनाचे तसे नाही. तीन हजार शब्दांची असाइनमेंट पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत लिहिता येत नाही, कारण प्रत्येक वेळी धागा शोधण्यातच पंधरा मिनिटे जातात. त्यासाठी आठवड्यातून निदान एक तीन तासांची अखंड बैठक लागतेच, आणि वेळापत्रक आखताना आधी ती निश्चित करावी. केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी दिलेला एखाद्या कंपनीचा प्रसंग, वाचण्याबाबत माझी एक सवय सांगतो: शेवटी दिलेले तक्ते आधी पाहावेत आणि मग मजकूर वाचावा. मोबाइलवर तक्ते वाचणे मात्र हाल करून घेण्यासारखे आहे. तेवढी पाने छापून बॅगेत ठेवावीत.

पूर्णवेळ, अर्धवेळ, एक्झिक्युटिव्ह, ऑनलाइन: पालकाने काय निवडावे?

या पदवीचा मूळ साचा कुणासाठी तयार झाला हे समजून घेतले, तर निवड सोपी होते. हार्वर्डने 1908 मध्ये एमबीए सुरू केले आणि त्याच्या दोन वर्षांच्या पूर्ण अभ्यासक्रमाला स्त्रियांना प्रवेश 1963 मध्ये मिळाला. दिवसभर वर्ग, संध्याकाळी गटचर्चा, रात्री उद्याच्या केसचे वाचन, ही दिनचर्या घरची जबाबदारी दुसरे कुणी तरी पाहत आहे असे गृहीत धरून आखलेली आहे. ती वाईट नाही, पण तिच्यात तुमच्यासाठी जागा ठेवलेली नाही हे आधीच माहीत असलेले बरे.

नोकरीतल्या अनुभवी माणसांसाठी एक्झिक्युटिव्ह एमबीए हा प्रकार शिकागो विद्यापीठाने 1943 मध्ये सुरू केला. यात वर्ग सहसा महिन्यातून एक-दोन लांब सप्ताहान्तांना असतात आणि अधूनमधून निवासी आठवडे असतात. ज्यांच्या घरी शनिवार-रविवारी मुलांना पाहणारे माणूस आहे त्यांना हे सोयीचे पडते; ज्यांचे पाळणाघर नेमके शनिवारी-रविवारी बंद असते त्यांना नाही. संध्याकाळच्या अर्धवेळ अभ्यासक्रमात आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्ग असतात आणि विषयांची संख्या कमी-जास्त करण्याची मुभा बहुधा मिळते. ही मुभाच पालकासाठी सर्वांत मोलाची असते, आणि माझा कल याच प्रकाराकडे आहे. एका वर्षाच्या आतले पूर्णवेळ अभ्यासक्रमही आहेत, उदाहरणार्थ फ्रान्समधील इन्सीअ‍ॅडचा दहा महिन्यांचा, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागते आणि बहुधा बिऱ्हाडही हलवावे लागते.

दूरशिक्षणाने एमबीए ही कल्पना ऑनलाइन वर्गांहून जुनी आहे. वॉरिक विद्यापीठाने ते 1986 मध्येच सुरू केले होते. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल फक्त एक प्रश्न नीट विचारावा: थेट वर्गाला हजेरी सक्तीची आहे का, की ध्वनिचित्रफीत नंतर पाहिली तरी चालते? संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ हा वेळ संस्थेला सर्वांच्या सोयीचा वाटतो. मुलांना झोपवण्याचा वेळही तोच असतो.

प्रवेश परीक्षेची तयारी किती महिने करावी?

कोणती परीक्षा द्यायची यावर ते अवलंबून आहे. जीमॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेश परीक्षेचे सध्याचे स्वरूप दोन तास पंधरा मिनिटांचे आहे: संख्यात्मक, शाब्दिक आणि माहिती-विश्लेषण असे प्रत्येकी 45 मिनिटांचे तीन विभाग, एकूण 64 प्रश्न, आणि गुण 205 ते 805 या पट्टीवर. निबंध आता नाही आणि भूमितीही वगळली आहे, त्यामुळे जुनी पुस्तके शेजाऱ्याकडून उसनी आणून तयारी करू नये. संख्यात्मक विभागात कॅल्क्युलेटर मिळत नाही, माहिती-विश्लेषणात पडद्यावर मिळतो. जीआरई ही दुसरी परीक्षा 2023 च्या सप्टेंबरपासून छोटी होऊन दोन तासांच्या आत आली आहे. दोन्हींचे गुण पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, आणि पालकाने याचा पुरेपूर फायदा घ्यावा: ज्या वर्षी घर शांत आहे त्या वर्षी परीक्षा देऊन ठेवावी, प्रवेश नंतर घेतला तरी चालतो.

अनुभवी अर्जदारांसाठी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही 40 प्रश्नांची, 90 मिनिटांची वेगळी परीक्षा आहे आणि तिची तयारी तुलनेने कमी वेळात होते. काही संस्था अनुभवाच्या आधारे परीक्षेतून सूटही देतात. तयारीसाठी मी रोज पाऊण तास धरून चार महिने सुचवतो. दहा वर्षांत ज्याने कागदावर भागाकार केलेला नाही त्याने सहा धरावेत.

घरून परीक्षा देण्याची सोय असली तरी लहान मुले असलेल्यांनी शक्यतो केंद्रावर जावे. अशा परीक्षेत खोलीत दुसऱ्या कुणी येऊन चालत नाही आणि हा नियम तीन वर्षांच्या मुलाला समजावता येत नाही. माझ्या एका सहाध्यायिनीची मुलगी बुटाची नाडी स्वतः बांधता आली हे दाखवायला आत आली, आणि तेथे ती परीक्षा संपली.

संस्था चांगली आहे हे कसे ओळखावे?

आपल्या देशातील नियामक यंत्रणेची मान्यता ही पहिली अट. त्यापलीकडे व्यवस्थापन शिक्षणात तीन आंतरराष्ट्रीय मानांकने ओळखली जातात: 1916 मध्ये स्थापन झालेल्या एएसीएसबीचे, 1967 मध्ये स्थापन झालेल्या एएमबीएचे आणि 1997 मध्ये सुरू झालेले इक्विस. पहिले आणि तिसरे संस्थेला मिळते, तर एएमबीए अभ्यासक्रम तपासते आणि एमबीएच्या विद्यार्थ्यांना किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव असावा अशी अपेक्षा ठेवते. क्रमवारीच्या याद्यांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही, कारण त्यांपैकी बऱ्याच पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि नंतरचे पगार मोजतात. तुमच्या घरापासून वर्गापर्यंत जायला किती वेळ लागतो हे त्यांना माहीत नसते. जाऊन-येऊन दीड तास म्हणजे आठवड्याच्या तीन वर्गांसाठी साडेचार तास, आणि वर काढलेल्या हिशेबात ते धरलेले नाहीत.

बाळंतपणामुळे किंवा मुलांसाठी नोकरीत पडलेला खंड अर्जात कसा लिहावा?

सरळ, एका वाक्यात आणि तारखांसह. "या काळात मी मुलाच्या संगोपनासाठी नोकरीतून विश्रांती घेतली होती" एवढे पुरते. खंड लपवण्यासाठी वर्षे पुसट लिहिली तर वाचणाऱ्याला शंका येते. खंड सांगितल्याने ती येत नाही. निबंधात मुलांचा उल्लेख करावा का, असेही विचारले जाते. करावा, पण तो तुमच्या कामाच्या निर्णयाशी जोडलेला असेल तरच. पालकत्वाने वेळेचे नियोजन शिकवले, हे वाक्य प्रवेश समितीने इतक्या वेळा वाचलेले असते की त्याऐवजी तुम्ही रात्रपाळीचे वेळापत्रक कसे बदलून घेतले हे लिहिणे अधिक चांगले.

येथे एक निरीक्षण नोंदवतो. तीन वर्षांत मला वर्गात एकदाही कुणी विचारले नाही की मुले कोणाकडे ठेवून आलात. वर्गातल्या आयांना तो प्रश्न जवळजवळ दर शनिवारी विचारला जाई, आणि विचारणाऱ्यांत मीही होतो.

वरिष्ठांना केव्हा सांगावे? कंपनी फी देत असेल तर घ्यावी का?

प्रवेश निश्चित झाल्यावर आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी किमान दोन महिने आधी सांगावे. सांगताना "मी एमबीए करतो आहे" एवढेच न सांगता वर्गाचे वार, परीक्षांचे आठवडे आणि त्या काळात तुमचे काम कोण पाहू शकेल हे लेखी घेऊन जावे. एखादा प्रकल्पाचा विषय तुमच्या विभागातूनच निवडला तर वरिष्ठांचाही त्यात स्वार्थ राहतो, आणि तसा तो राहणे चांगलेच.

कंपनीने फी भरली की त्यासोबत बहुधा करार येतो: पदवीनंतर ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही, सोडल्यास रक्कम परत करायची. हा करार सही करण्यापूर्वी तीन बाबतींत वाचावा. कालावधी प्रवेशापासून मोजतात की पदवी मिळाल्यापासून? परतफेडीची रक्कम काळानुसार कमी होत जाते का? आणि कंपनीनेच तुम्हाला काढले, किंवा पालकत्व रजेमुळे तुम्ही थांबलात, तर काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर करारात नसेल तर ते लिहून मागावे. तोंडी आश्वासन देणारे वरिष्ठ तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत गेलेले असतात.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

फी हा खर्चाचा दिसणारा भाग आहे. त्यात मुलांच्या सांभाळाचे वाढीव तास, प्रवास, पुस्तके, निवासी आठवड्यांचा खर्च आणि सोडून दिलेले ओव्हरटाइम किंवा बढतीचे काम मिळवावे लागते. पूर्णवेळ शिकायचे असेल तर बुडालेला पगार हा बहुधा फीपेक्षाही मोठा आकडा निघतो. समजा सर्व मिळून खर्च तुमच्या एका वर्षाच्या हातात येणाऱ्या पगाराएवढा आहे आणि पदवीनंतर पगारात 15 टक्के वाढ झाली, तर खर्च भरून यायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागतो. आज खर्च केलेला पैसा आणि पाच वर्षांनी मिळणारा पैसा सारखा नसतो, हे वित्तव्यवस्थापनाच्या पहिल्याच पाठात शिकवतात. ते धरले तर हा काळ आणखी वाढतो. हा हिशेब पदवी घेऊ नये असे सांगत नाही. मात्र मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम यात घालू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण तुमच्या पदवीसाठी कर्ज मिळते आणि तुम्ही ते फेडण्याच्या वयाचे आहात.

गणित विसरून पंधरा वर्षे झाली. जमेल का?

जमेल. सांख्यिकी, लेखाशास्त्र आणि वित्त या तिन्ही विषयांना शालेय बीजगणित, टक्केवारी आणि स्प्रेडशीट एवढे सामान पुरते. अडचण येते ती वेगाची. वर्ग सुरू होण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह यांची ओळख करून घ्यावी. मी त्या काळात घरखर्चाचा ताळेबंद मांडला होता. मालमत्तेच्या बाजूला काय लिहावे यावर घरात थोडी चर्चा झाली.

गटकार्यात मागे पडू नये म्हणून काय करावे?

गटातल्या अविवाहित सहकाऱ्यांना रात्री दहाची बैठक सोयीची वाटते आणि शनिवारी दुपारी ती आयत्या वेळी ठरवण्यात त्यांना काही गैर वाटत नाही. तुमच्या अडचणी त्यांना ठाऊक असण्याचे कारणही नाही. पहिल्याच बैठकीत कोणत्या वेळा तुम्हाला अजिबात शक्य नाहीत हे सांगून टाकावे, आणि त्याच वेळी कोणते काम तुम्ही उचलता तेही सांगावे.

काम निवडताना प्रकल्पाच्या सुरुवातीचे काम मागून घ्यावे: माहिती गोळा करणे, तक्ते, पहिला मसुदा. शेवटच्या रात्री सर्वांच्या स्लाइड जोडून प्रेझेंटेशन पूर्ण करण्याचे काम पालकाने घेऊ नये. मुलांना ताप पूर्वसूचना देऊन येत नाही, आणि तो अंतिम जुळवणी करणाऱ्याच्या घरी आला तर पूर्ण गट अडकतो. सुरुवातीचे काम दोन दिवस लांबले तरी भरून काढता येते. हा साधा नियम मला दुसऱ्या वर्षी सुचला. पहिल्या वर्षी मी एका हाताने थर्मामीटर धरून दुसऱ्या हाताने स्लाइडचे क्रमांक दुरुस्त केले आहेत.

परीक्षेच्या दिवशीच मूल आजारी पडले तर?

बहुतेक विद्यापीठांत अपवादात्मक परिस्थितीसाठी मुदतवाढ किंवा पुढच्या सत्रात परीक्षा देण्याची तरतूद असते. तिच्यात अवलंबून असलेल्या व्यक्तीचे आजारपण बसते की फक्त विद्यार्थ्याचे स्वतःचे, हे प्रवेशापूर्वीच नियमावली मागवून वाचावे. माझ्या बाबतीत संस्थेने डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले, ते दिले. मग कळवले की प्रमाणपत्र मुलाच्या नावाचे आहे आणि विद्यार्थी तो नाही. तीन ई-मेल आणि एका प्राध्यापकांच्या मध्यस्थीनंतर प्रकरण मिटले. तेव्हापासून सल्ला एकच: अर्ज त्याच दिवशी करावा, प्रमाणपत्रात "पालकाची उपस्थिती आवश्यक होती" एवढे वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, आणि नंतर सांगू म्हणून परीक्षेला जाऊन अर्धवट पेपर देऊ नये, कारण परीक्षेला बसलात म्हणजे तुम्ही स्वतःला सक्षम समजलात असे काही नियमावल्यांत मानले जाते.

एकल पालकाला हे शक्य आहे का?

शक्य आहे, पण वर दिलेला तासांचा हिशेब अधिक कडक होतो, कारण अदलाबदल करायला घरात दुसरे मोठे माणूस नसते. अशा वेळी मुलांच्या सांभाळाची एक मुख्य आणि एक पर्यायी व्यवस्था ठरलेली असल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. सेमिस्टरला एकच विषय घेता येईल असा अभ्यासक्रम शोधावा, आणि संस्थेत पालक-विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती किंवा पाळणाघराची सवलत आहे का हे स्वतःहून विचारावे; विचारल्याशिवाय हे सहसा कुणी सांगत नाही.

अभ्यासक्रम चालू असताना दुसरे मूल झाले तर?

बहुतेक ठिकाणी शिक्षणात खंड घेता येतो. पदवी पूर्ण करण्याच्या कमाल मुदतीत तो काळ धरला जातो की नाही, एवढे लेखी विचारून ठेवावे.

मध्येच सोडावे लागले तर सगळे वाया जाते का?

अनेक ठिकाणी जात नाही. ब्रिटिश पद्धतीत 60 श्रेयांकांवर पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि 120 श्रेयांकांवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. 180 पूर्ण झाले की पदवी. तुमच्या अभ्यासक्रमात असे टप्पे असतील तर त्यांकडे अपयश म्हणून पाहू नये. ज्यांना बढतीसाठी फक्त वित्त आणि लेखाशास्त्राची गरज होती, त्यांपैकी काहींनी पदविकेवर थांबून शहाणपणा केला असे मला वाटते.

पदवीमुळे पगार आणि पद खरेच वाढते का?

काहींचे वाढते. जे लोक अभियांत्रिकी, वैद्यक किंवा शिक्षण अशा क्षेत्रांतून व्यवस्थापनाकडे वळू पाहत असतात त्यांना ही पदवी दार उघडून देते. जे आधीच व्यवस्थापनात आहेत आणि त्याच कंपनीत राहणार आहेत, त्यांनी मागच्या पाच वर्षांत त्या कंपनीत कुणाला एमबीएमुळे बढती मिळाली हे आधी पाहावे. एकही नाव आठवत नसेल तर उत्तर तेच आहे.

मुलांना काय सांगावे?

खरे ते, त्यांच्या मापात. "मंगळवारी आणि गुरुवारी बाबा शाळेत जातात, रविवारी सकाळी बाबा तुमचे" हे चार वर्षांच्या मुलालाही कळते, अट एवढीच की रविवारचा शब्द पाळला जावा. "हे सगळे तुमच्यासाठीच चालले आहे" असे मात्र म्हणू नये. मुलांनी ते मागितलेले नसते, आणि त्या वाक्याने त्यांच्यावर एक उपकार चढतो. माझा मोठा मुलगा माझ्या शेजारी बसून स्वतःचा गृहपाठ करत असे, हे ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात तो दर सहा मिनिटांनी माझे किती झाले हे विचारत असे आणि नेहमी माझ्या आधी उठत असे.

अर्ज करण्यापूर्वी स्वतःची चाचणी कशी घ्यावी?

चार आठवडे, पैसे न भरता, अभ्यासक्रम सुरू झाला आहे असे समजून जगावे. ज्या वारी वर्ग असतील त्या वारी त्या वेळेत घराबाहेर, वाचनालयात किंवा ऑफिसातच थांबून बसावे. प्रवेश परीक्षेची तयारी किंवा लेखाशास्त्राचे एखादे पुस्तक समोर ठेवावे. तीन तासांची अखंड बैठक ठरलेल्या दिवशीच करावी. मुले ठरलेल्या माणसाकडेच असावीत. फ्रिजवर कागद लावावा आणि त्यावर दोन रकाने आखावेत, प्रत्येकाच्या नावाचा एक, आणि दोन्ही रकाने रोज रात्री दोघांनी मिळून भरावेत. पहिला आठवडा उत्साहात जातो, त्यावरून काही ठरवू नये. तिसऱ्या आठवड्यात कुणाला तरी सर्दी होते, ऑफिसचे काम वाढते, सांभाळणारे माणूस एक दिवस येत नाही; त्या आठवड्याचे आकडे पाहून अर्ज भरावा किंवा पुढच्या वर्षावर ठेवावा.